अडीच गुंठ्यांत मावलेलं मंडळ : पीक कापणी प्रयोग घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या पीक कापणी प्रयोगांचं नियोजन करणारे अधिकारी. शेतात उतरून प्रत्यक्ष दोरी टाकणारे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. तसंच गाव समित्यांवरचे सरपंच, पोलीस पाटील आणि शेतकरी बंधुभगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ३२ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. माझं माहेर बालाघाटच्या पठारावरचं. भाऊ अजून तिथेच आहे, सोयाबीन आणि तूर घेतो. काही वर्षांपूर्वी आश्विनात मी त्याच्याकडे गेले होते आणि नेमका त्या दिवशी गावात सोयाबीनचा कापणी प्रयोग होता, म्हणजे चिठ्ठीने निवडलेल्या शेतात दोरीने ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तो कापून तोलायचा आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढायचा. चिठ्ठीत निघालेला गट ओढ्यापलीकडचा होता. ओढ्याला गुडघाभर पाणी, पलीकडे चिखल, आणि आलेल्या कर्मचाऱ्यांना अंधार पडायच्या आत अजून दोन गावं उरकायची होती. कुणीतरी म्हणालं, "तिकडंबी सोयाबीनच हाय, हिकडंबी सोयाबीनच हाय." डांबरी रस्त्याला लागून असलेल्या शेतात खुंट्या ठोकल्या गेल्या. त्यात कुणाचा कपटी हेतू नव्हता. गावातले चार जाणते उभे होते, तेही काही बोलले नाहीत.

मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून ते शेत पाहून आले. मुरमाड उतार, गुडघ्याच्याही खाली राहिलेलं पीक, निम्म्या शेंगा पोचट. रस्त्याकडेचं रान मात्र काळं, भारी, विहिरीच्या पाण्याचं. नमुना कसा निवडायचा हा माझ्या विषयाचा पहिला धडा. तो मी दरवर्षी नव्या वर्गाला शिकवला, आणि माझ्याच गावात तो मोडला जात असताना हाताची घडी घालून उभी राहिले. ते मला अजून खुपतं.

आता ते जास्त खुपण्याचं कारणही आहे. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. २०२५ च्या खरिपात तो बंद झाला, आणि भरपाई यापुढे पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर ठरेल, असं ठरलं. पूर्वी स्थानिक आपत्तीची सूचना देऊन, पंचनामा करून काही पदरात पडायचं. ते दार बंद झालं, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. म्हणजे आता सगळा भार त्या दोरीवर आणि त्या चार खुंट्यांवर आला आहे. म्हणून त्या दोरीच्या आत नेमकं काय घडतं, ते मला जमेल तितक्या साध्या शब्दांत तुमच्यापुढे मांडायचं आहे.

पाठ्यपुस्तकात दोन शब्द असतात, समष्टी आणि प्रतिदर्श. मी वर्गात ते सांगायचे आणि लगेच बाजूला ठेवायचे, कारण आपल्याकडे याहून जुने शब्द आहेत. शिवार आणि वानगी. मंडळातलं, म्हणजे काही गावं मिळून झालेल्या महसूल मंडळातलं, सोयाबीनचं एकूण एक शेत मिळून जे होतं ते शिवार. त्याची खरी सरासरी कुठेतरी आहे, पण ती कुणालाच दिसत नाही, कारण सगळं शिवार कुणी तोलू शकत नाही. मग आपण त्यातली वानगी घेतो, ती तोलतो आणि तिच्यावरून शिवाराबद्दल बोलतो. अडत बाजारात हेच चालतं. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि त्यावरून गाडीभर मालाचा भाव करायचा. जाणता व्यापारी वरचे दाणे बघत नाही. तळाचं पोतं ओढायला लावतो, कारण वर काय ठेवायचं हे विकणाऱ्याच्या हातात असतं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, कारण पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कुठलंही शीत उचला, ते दुसऱ्यासारखंच निघतं. मंडळाचं शिवार तसं नसतं. एका टोकाला नदीकाठची गाळाची जमीन, मध्ये पाझर तलावाखालचे चार-दोन पट्टे, वर माळावर बरड. एका गावावर पाऊस पडतो आणि शेजारचं गाव कोरडं राहतं. अशा शिवाराचं शीत कुणी उचललं, कसं उचललं, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि हे शीत किती लहान असतं, हे पाहा. बऱ्याच पिकांसाठी प्रयोगाचा तुकडा ५ मीटर बाय ५ मीटरचा धरतात. काही पिकांना आणि काही राज्यांत माप वेगळं असतं, पण हिशेबापुरतं हेच घेऊ. २५ चौरस मीटर झाले. हेक्टरात १०,००० चौरस मीटर, म्हणून तुकड्यात निघालेल्या वजनाला ४०० ने गुणतात. तुकड्यात अडीच किलो सोयाबीन निघालं की हेक्टरी १००० किलो, म्हणजे १० क्विंटल. याचा अर्थ काट्यावरचा १०० ग्रॅमचा फरक कागदावर हेक्टरी ४० किलोचा होतो. दाणे ओले असताना तोललेत की वाळवून, पोत्याचं वजन वजा केलं की नाही, असल्या बारीक वाटणाऱ्या गोष्टी ४०० पट मोठ्या होतात. विमा योजनेच्या नियमांत महसूल मंडळ हे एकक असेल तर एका पिकाचे किमान १० प्रयोग सांगितले आहेत. दहा तुकडे मिळून २५० चौरस मीटर, अडीच गुंठ्यांहून किंचित कमीच. त्यावर हजारो हेक्टरांचा निकाल लागतो.

"एवढ्याशा जमिनीवरून एवढ्या मोठ्या मंडळाचं काय कळणार?" हा प्रश्न मला गावात अनेकांनी रागाने विचारला आहे. राग समजतो, पण प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो. वानगीची ताकद शिवार किती मोठं आहे यावर जवळजवळ अवलंबून नसते. मंडळात सोयाबीन ३००० हेक्टर असो की ३०,००० हेक्टर, शेताशेतांतला फरक सारखा असेल तर दहा तुकड्यांतून येणारा अंदाज दोन्हीकडे सारखाच पक्का किंवा सारखाच कच्चा असतो. विद्यार्थ्यांना हे पचायला सगळ्यात जड जायचं. मी त्यांना सांगायचे, आमटीत मीठ बरोबर पडलंय का हे चमचाभर चाखून कळतं. भांडं घरचं आहे की लग्नाचं, याने चमचा मोठा करावा लागत नाही. आमटी ढवळलेली मात्र हवी.

शेतं ढवळता येत नाहीत. म्हणून चिठ्ठी काढायची. चिठ्ठी हेच आपलं ढवळणं. यादीतून गट नंबर यादृच्छिक पद्धतीने काढायचा. मग त्या शेतात नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, चिठ्ठीत निघालेल्या एका संख्येइतकी पावलं लांबीकडे आणि दुसऱ्या संख्येइतकी रुंदीकडे टाकायची आणि तिथे खुंटी ठोकायची. हा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी असतो की कुठलं रोप काट्यावर जाणार, हे ठरवण्यात कुणाच्याही डोळ्याचा, दयेचा, कंटाळ्याचा किंवा फायद्याचा हात नसावा. प्रत्येक शेताला निवडलं जाण्याची ठरावीक संधी मिळाली, एवढी एकच गोष्ट खरी असेल तरच पुढचं सगळं गणित उभं राहतं. ओढ्याला पाणी आहे म्हणून शेत बदललं, त्या क्षणी आपण ते गणित पाण्यात सोडलेलं असतं. कागदावर सरासरी येईल, दशांश चिन्हासकट येईल, पण ती कशाची सरासरी आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

यात काही परकं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पिकाच्या तुकड्यांची यादृच्छिक निवड जगात अगदी सुरुवातीला जिथे झाली त्यात आपला देश आहे. १९२० च्या दशकात हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे असे तुकडे कापून पाहिले. नंतर बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकाची मोठी नमुना पाहणी उभी केली. आणि आज तुम्ही जी कापणी करता तिला देशभराचं रूप देण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी जन्मलेला हा माणूस लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आला, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्याने आणि तिथलेच संख्याशास्त्रज्ञ पानसे यांनी १९४० च्या दशकात भात-गव्हाच्या यादृच्छिक कापण्या प्रांतोप्रांती नेल्या. त्याआधी 'आणेवारी' चालायची. बांधावर उभं राहून नजरेने ठरवायचं, यंदा पीक किती आणे.

सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात एक मोठा वाद झाला होता. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट तुमच्या दोरीबद्दल आहे. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण थोड्या खर्चात जास्त तुकडे कापून होतात. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा लहान केला की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण अगदी घरगुती आहे. दोरीवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? माणसाचा हात ते आत ओढतो. एक मीटर चौरसाच्या तुकड्याला ४ मीटर कड असते आणि आत एकच चौरस मीटर पीक. पाच मीटर चौरसाला २० मीटर कड, पण आत २५ चौरस मीटर. म्हणजे लहान तुकड्यात कडेचा वाटा पाच पट. आपल्याकडे सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असतं. पाच मीटरांत अकरा ओळी बसतात. दोरी थोडी सैल पडून बारावी ओळ आत आली, की उत्पादन ९ टक्क्यांनी वाढलं. शेतात काही वाढलेलं नसतं.

इथे दोन निरनिराळ्या चुका आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक हेलकावा. चिठ्ठीत यंदा जरा चांगली शेतं निघाली, पुढल्या खेपेला जरा वाईट. त्यात कुणाचा दोष नाही. प्रयोग वाढवले की हा हेलकावा कमी होतो, पण सावकाश: निम्मा करायचा तर प्रयोग चौपट लागतात. दुसरी चूक म्हणजे पासंग. तराजूच्या एका पारड्याखाली मेण चिकटलेलं असेल तर एकदा तोला की शंभरदा, वजन त्याच बाजूला चुकणार. नेहमी रस्त्याकडेचंच शेत, नेहमी दोरीवरचं रोप आतच, नेहमी ओलेच दाणे. असा पासंग प्रयोग दहाचे हजार केले तरी जात नाही. उलट हजार प्रयोग झालेत म्हटल्यावर चुकीच्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास मात्र बसतो.

आता पैशांचा हिशेब करू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, कुठल्याही मंडळाचे नाहीत. समजा एका मंडळात दहा प्रयोगांतून हेक्टरी किलोंमध्ये असं उत्पादन निघालं: ६२०, १४१०, ८८०, ११५०, ५४०, १३२०, ९९०, ७६०, १२३०, ११००. सरासरी बरोबर १०००. सरासरी ज्या आकड्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते, त्याला उंबरठा उत्पादन म्हणतात. ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने, म्हणजे आपल्याकडे ७० टक्क्यांनी, गुणून काढतात. समजा तो उंबरठा १०५० आला आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे. उंबरठ्याहून तूट ५० किलोंची. ५० भागिले १०५०, गुणिले ५०,०००. शेतकऱ्याला हेक्टरी सुमारे २,३८० रुपये मिळतील.

आता माझ्या गावासारखं घडलं असं धरा. ५४० किलोचं शेत ओढ्यापलीकडे होतं, म्हणून त्याऐवजी रस्त्याकडेचं १४०० किलोचं घेतलं. सरासरी १०८६ झाली. उंबरठा ओलांडला. मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाची भरपाई शून्य. दहातलं एक शेत बदललं, बाकी काहीही न बदलता.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. गावाने गळ घातली, "साहेब, ते चांगलं रान सोडा, हे बघा इथं किती नुकसान झालंय", आणि १४१० च्या जागी ५४० किलोचंच आणखी एक शेत घेतलं, तर सरासरी ९१३ वर येते आणि भरपाई हेक्टरी साडेसहा हजारांवर जाते. मला माहीत आहे की संकटातला शेतकरी असं म्हणतो, आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या कृषी सहायकाला नाही म्हणणं किती अवघड जातं. शेजारी विमा कंपनीचा प्रतिनिधी उभा असतो, त्याचा ओढा दुसरीकडे. या ओढाताणीत त्या कर्मचाऱ्याला वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चिठ्ठी. "मी निवडलं नाही, चिठ्ठीत निघालं" एवढं वाक्य त्याला ठामपणे म्हणता यावं, अशी व्यवस्था तुम्ही वरिष्ठांनी त्याच्या पाठीशी उभी करायला हवी. ओढ्यापलीकडे जायला त्याला वेळ आणि वाहन हवं. एका दिवसात तीन गावं लावून दिली तर तो रस्त्याकडेचंच शेत घेणार, आणि त्याचा दोष मी त्याला देणार नाही.

एक गोष्ट याहूनही गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शून्य.

अतिवृष्टीत ज्या शेतातलं पीक कुजून गेलं, त्या शेतकऱ्याने रब्बीसाठी रान मोकळं करायला नांगर घातला किंवा जनावरं सोडली. चिठ्ठीत त्याचा गट निघाला. कर्मचारी गेले, तर तिथे कापायलाच काही नाही. मग "पीक उपलब्ध नाही" म्हणून शेजारचं, उभं पीक असलेलं शेत घेण्याचा मोह होतो. पण पेरणी झाली आणि पीक गेलं, तर त्या शेताचं उत्पादन शून्य आहे, आणि शून्य हेही निरीक्षण आहे. नैसर्गिक आपत्तीने पीक गेलं म्हणून निवडलेलं शेत बाद करू नये, हाच पद्धतीचा नियम आहे. वरच्या दहा शेतांतलं ५४० चं शेत पूर्ण वाहून गेलं असतं, तर सरासरी ९४६ झाली असती आणि भरपाई पाच हजारांजवळ. ते शून्य खोडून त्या जागी जिवंत शेत घातलं की सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या माणसाचं शेत हिशेबातूनच पुसलं जातं. वर्ष जितकं वाईट, तितकी अशी शेतं जास्त, आणि तितका कागदावरचा आकडा खऱ्याहून चांगला दिसणार.

लवकर काढणी झालेल्या शेतांचंही असंच आहे. पाऊस येईल या भीतीने लोक मिळेल त्या दिवशी मळणीयंत्र आणतात. ज्या शेताची काढणी झाली ते बहुधा हलक्या रानातलं, लवकर वाळलेलं असतं. ते सुटलं आणि हिरवट, भारी रान कापलं, की पुन्हा पासंग. चिठ्ठी काढणीच्या बऱ्याच आधी काढून त्या शेतकऱ्याला वेळेत कळवलं, तर यातलं बरंच टळेल.

आणि यादीचं काय? ज्या यादीतून चिठ्ठी निघते तिच्यात जे शेत नाही, ते कधीच निघणार नाही. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पीक नोंदणीत, ज्यांची नोंद राहिली, मोबाइलला रेंज नसलेले डोंगरकडेचे गट, बटईने कसणाऱ्यांची रानं ही शिवारात आहेत, यादीत नाहीत. आपण शिवाराबद्दल बोलतोय असं म्हणतो आणि बोलत असतो यादीबद्दल.

आता हेलकाव्याकडे येते. समजा सगळं नियमानुसार झालं. चिठ्ठी पाळली, शून्य धरलं, दोरी ताणून टाकली. तरीही त्या १००० किलोंना किती पक्कं मानायचं? दहा शेतांत आपसात खूप फरक आहे, ५४० पासून १४१० पर्यंत. त्या पसाऱ्याचं मोजमाप, प्रमाण विचलन, २९५ किलो येतं. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीच्या हेलकाव्याचं माप, ९३ किलो. तिला दहा निरीक्षणांसाठीच्या साधारण २.२६ या गुणकाने गुणून ते १००० च्या दोन्ही बाजूंना धरलं की उत्तर असं येतं: मंडळाची खरी सरासरी ७९० ते १२१० किलोंच्या दरम्यान असावी. ९५ टक्के विश्वासाची ही मर्यादा. तिचा अर्थ असा, की याच हंगामात याच मंडळात चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा टाकल्या असत्या आणि दर वेळी अशी मर्यादा काढली असती, तर १०० पैकी साधारण ९५ वेळा खरी सरासरी तिच्या आत सापडली असती.

७९० ते १२१०. खरी सरासरी ८०० असेल तर भरपाई हेक्टरी जवळजवळ १२,००० रुपये व्हायला हवी. ११०० असेल तर शून्य. दोन्ही शक्यता या एकाच वानगीत बसतात. चाळीस प्रयोग घेतले असते तर मर्यादा १००० च्या दोन्ही बाजूंना ९४ किलोंवर आली असती. सुखात्म्यांच्या काळात या कापण्या जिल्ह्याचं, प्रांताचं एकूण उत्पादन सांगण्यासाठी होत्या. तुकड्यांची संख्या शेकड्यांत जायची आणि हेलकावे एकमेकांत जिरून जायचे. १९७६ साली पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी सुचवलं की प्रत्येक शेताचं नुकसान स्वतंत्रपणे मोजण्यापेक्षा क्षेत्राच्या सरासरीवर विमा द्यावा. १९७९ मध्ये त्या धर्तीवर प्रायोगिक योजनाही सुरू झाली. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बळकट होतं. पण जिल्ह्यासाठी घडवलेलं माप मंडळापर्यंत खाली आणायचं, त्यावर माणसाचे पैसे ठरवायचे, आणि अंदाजाला किती हेलकावा आहे हे कुठेच लिहायचं नाही, हे मला मान्य नाही.

शेतकऱ्यांनाही इथे एक सांगायचं आहे. "आमच्या गावात प्रयोगच झाला नाही, मग आमचं कसं ठरवलं?" ही तक्रार टिकत नाही. चिठ्ठी नीट निघाली असेल तर तुमचं गाव तिच्यात आलं नाही तरी तेवढ्याने मंडळाची सरासरी चुकत नाही. पण ती सरासरी तुमच्या शेताबद्दल काहीच सांगत नाही, हेही तितकंच खरं. तुमचं पीक पूर्ण गेलं आणि मंडळ तरलं, तर ही योजना तुम्हाला काही देणार नाही. ते विमा घेण्याआधीच तुम्हाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

काही पिकांसाठी आता उपग्रहाच्या मदतीने काढलेलं उत्पादन कापणीच्या आकड्यात मिसळतात. वरून बघणारं यंत्र ओढ्याला घाबरत नाही, हे चांगलंच. पण ते यंत्र ताडून बघायला जमिनीवरच्या कापण्याच वापरल्या जातात. कापणीत पासंग असेल तर यंत्रही तोच पासंग शिकतं.

तर माझं मागणं असं. प्रत्येक मंडळाचा नुसता सरासरी आकडा जाहीर करू नका, दहाच्या दहा प्रयोगांचं वजन जाहीर करा. चिठ्ठीत कुठला गट निघाला, प्रत्यक्ष कुठला कापला, बदलला असेल तर का बदलला, दाणे ओले तोलले की वाळवून, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागू द्या. शेतकऱ्याचं नाव लिहायची गरज नाही. चिठ्ठी चावडीवर, लोकांसमोर निघू द्या. सरासरीच्या शेजारी तिची मर्यादा छापा. आणि मंडळातली हलकी, मध्यम आणि भारी जमीन वेगळी करून प्रत्येकीतून तिच्या क्षेत्राच्या प्रमाणात चिठ्ठ्या काढता येतात का, ते पाहा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेकडे जमिनीचे नकाशे आहेत. प्रयोग एकाने न वाढवताही हेलकावा यातून कमी होतो, कारण मग दहाही चिठ्ठ्या योगायोगाने काळ्या रानात पडण्याची शक्यता राहत नाही.

यावर एक आक्षेप मी आधीच ऐकला आहे. मर्यादा छापली तर जो तो "खरा आकडा खालचाच आहे" म्हणून भांडायला येईल, आणि कंपनी वरचा धरून बसेल. येतील. पण आज ते भांडण पुराव्याशिवाय होतं, कुणी विकत घेतलं गेलं या संशयावर होतं, आणि सगळ्यात आधी तो तलाठी किंवा कृषी सहायक त्यात भरडला जातो. दहा आकडे समोर असले तर भांडण कशावर करायचं ते तरी कळेल. मर्यादा फारच रुंद निघाली तर त्या मंडळात पुढच्या वर्षी किती प्रयोग लागतील, हे त्या रुंदीवरूनच काढता येतं. ते गणित अकरावी-बारावीतल्या मुलांना जमतं. मी ते वर्षानुवर्षं त्यांच्याकडून करून घेतलं आहे.

येत्या खरिपात कापणीच्या दिवसांत मी भावाकडेच असेन. माझ्या गावात किंवा आसपासच्या ज्या गावात प्रयोग असेल तिथल्या समितीने बोलावलं तर मी चिठ्ठी काढायच्या वेळी आणि दोरी टाकायच्या वेळी हजर राहीन. चिठ्ठी कशी टाकायची, नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावलं कशी मोजायची, कडेचं रोप कधी आत धरायचं, हे गावातल्या चार मुलामुलींना आधी एक दिवस शिकवायलाही तयार आहे. मानधन नको. ओढ्याला पाणी असेल तर मी पलीकडे येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका